नाश्त्याचा अकरावा नियम

मला एका जागी बसवत नाही. बँकेच्या रांगेत उभी राहिले तरी मी सारखी पाय बदलत असते. अशा बाईनं वाट बघण्याचीच नोकरी धरावी, हा आमच्या ऑफिसातला पहिला विनोद!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बेंगळुरात जयनगरच्या चौथ्या ब्लॉकमध्ये, एका चपलांच्या दुकानावर आमचं छोटंसं ट्रॅव्हल ऑफिस होतं. मालक वासण्णा. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन स्थायिक झालेलं, त्यामुळे मराठी अस्सल, पण दर वाक्यात एक कन्नड शब्द. मी पुण्याची. नवऱ्याला इथे सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली म्हणून आले, आणि कोरमंगलातल्या घरात भिंतींकडे बघत बसवेना म्हणून नोकरी धरली.

आमचे ग्रुप मद्रासहून सिंगापूरला जायचे आणि तिथून तीन रात्री जहाजावर. निघण्याआधी सगळ्यांना 'ब्रीफिंग' द्यायचं काम माझं. जहाजावर नाश्ता कुठे कुठे मिळतो आणि कुठे काय घालून जायचं, हे समजावून सांगायचं. मी स्वतः जहाज फक्त ब्रोशरमध्ये पाहिलेलं. ब्रोशर वाचून, उरलेलं मनानं भरून मी दहा नियमांचं एक पत्रक लिहिलं आणि त्याच्या झेरॉक्स काढल्या. मग ग्रुप समुद्रात गेला की परत येईपर्यंत मी फॅक्स मशीनभोवती फेऱ्या मारत असे. आपण लोकांना काय काय सांगून बसलोय, हे पत्रक काढून पुन्हा पुन्हा वाचायची.

किस्से काही कुणी मुद्दाम साठवत नाही. पण पोटात भूक आणि अंगात नवे कपडे, अशी माणसं जहाजावर सोडली की ते आपोआप साठतात.

*

माझा चौथा नियम होता: 'नाश्त्याला स्मार्ट कॅज्युअल घालावे.' स्मार्ट कॅज्युअल म्हणजे काय, हे मलाही धड माहीत नव्हतं, त्यामुळे कुणी विचारलं की मी घाईघाईनं पाचव्या नियमावर जायची.

एक निवृत्त इंजिनिअर, वीज खात्यातले. ते पत्रक घेऊन सरळ टेलरकडे गेले आणि म्हणाले, चार स्मार्ट कॅज्युअल शिवून द्या. टेलरनं जराही न बिचकता मापं घेतली. स्वतः साहेब, दोन मुलगे आणि जावई, असे चौघांचे एकाच फिकट निळ्या कापडाचे सफारी सूट तयार झाले.

पहिल्या सकाळी चौघं नाश्त्याला गेले, तर एका गोऱ्या बाईंनी साहेबांकडे कॉफी मागितली. दुसऱ्या एकानं जावयाला मोकळं टेबल विचारलं. मुलगे वैतागून कपडे बदलायला गेले. साहेब मात्र तिथेच थांबले. तीनही सकाळी तोच सूट घालून त्यांनी लोकांना टेबलं दाखवली, टोस्टचं मशीन चालवून दाखवलं, दोघातिघांना कॉफीसुद्धा नेऊन दिली.

परत आल्यावर मी माफी मागायला त्यांच्या घरी गेले. ते म्हणाले, "माफी कसली? पस्तीस वर्षं सर्व्हिस केली, पण थँक यू पहिल्यांदा ऐकलं."

*

जहाजावर नाश्त्याच्या तीन सोयी. वरच्या डेकवर बुफे, खाली डायनिंग रूममध्ये टेबलावर वाढलेला नाश्ता, आणि तिसरी आपल्याच केबिनमध्ये. पहिल्या सोयीसमोर मी कंसात लिहिलं होतं, 'सेल्फ सर्व्हिस'.

आता बेंगळुरात सेल्फ सर्व्हिस म्हणजे दर्शिनी. कूपन घ्यायचं, इडली-वडा घ्यायचा आणि उंच टेबलापाशी उभ्यानं खाऊन वाटेला लागायचं. आमच्या ग्रुपमधल्या बावीस जणांनी बुफेवर प्लेटा भरल्या आणि काउंटरला लागूनच गोल करून खायला सुरुवात केली. मागे दोनशे खुर्च्या रिकाम्या!

वेटर लोकांना वाटलं, काहीतरी गैरसमज झालाय. एकानं खुर्ची आणून दिली. आमच्या माणसानं "परवागिल्ला, परवागिल्ला", म्हणजे 'असू द्या', म्हणत ती नम्रपणे परत केली. शेवटी मोठा मॅनेजर आला आणि बंद ठेवलेला दुसरा हॉल उघडून दिला.

आमची मंडळी प्लेटा घेऊन त्या हॉलमध्ये गेली, आणि तिथल्या काउंटरपाशी उभी राहिली. त्या दिवशी मी 'सेल्फ सर्व्हिस'पुढे 'बसून' असा शब्द वाढवला.

*

केबिनमधल्या नाश्त्यासाठी दाराला एक कार्ड अडकवायचं असतं. हवं त्या पदार्थापुढे खूण करायची, सकाळी तेवढंच येतं. हे मी ब्रीफिंगमध्ये सांगितलं होतं, पण आमच्या एका हेडमास्तरांचं तेव्हा लक्ष नव्हतं. त्यांना वाटलं, हा अभिप्रायाचा फॉर्म. माणूस भला. त्यांनी पानभर बरोबरच्या खुणा केल्या आणि खाली रिमार्क लिहिला, 'कीप इट अप.'

सकाळी केबिनमध्ये दोन ट्रॉल्या आल्या. पलंगावर सुद्धा ट्रे ठेवावे लागले. हेडमास्तरांना वाटलं, अभिप्राय आवडलेला दिसतोय. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकोच्या नावानं आणखी एक कार्ड भरलं.

*

आणि मग सरसक्का आल्या.

साठीच्या आसपासच्या, नाकात चमकी, हातात आमचं ब्रोशर. नवऱ्याला, म्हणजे गुंडण्णांना, टॅक्सीत बसवून एकट्याच जिना चढून आल्या होत्या. मुलानं दोघांचं बुकिंग केलं होतं. मी सवयीनं नियम वाचायला लागले, तर त्यांनी मला थांबवलं.

"ते राहू दे अम्मा. तिथं सकाळी उप्पीट कोण करतं?"

मी म्हटलं, जहाजाचे आचारी करतात.

"म्हणजे मी नाही?"

त्यांनी हे तीनदा विचारलं, आणि मग घरची सकाळ सांगितली. पहाटे उठायचं, अंघोळ करायची, मडीत उप्पीट करायचं. मडी म्हणजे आमच्या पुण्याकडचं सोवळं. गुंडण्णा मुकटा नेसून पाटावर बसणार, पहिला घास घेणार आणि म्हणणार, मीठ स्वल्प कमी. मग अक्का मीठ आणायला उठणार. त्यांचं झालं की अक्का उरलेलं खाणार, बहुधा उभ्यानंच. एक्केचाळीस वर्षं हेच. नवऱ्यासमोर बसून त्यांनी एकदाही नाश्ता केला नव्हता.

"एक दिवस मी बसून खाणार, ते समोर बसणार, आणि कुणीतरी मला विचारणार काय हवं म्हणून. तेवढंच पाहिजे मला. समुद्र नाही दिसला तरी चालेल."

अडचण गुंडण्णांची होती. मडीशिवाय शिजवलेलं ते खात नसत. ते भिजवायचे पोहे बरोबर नेणार होते आणि केबिनमध्ये अक्कांनीच ते कालवून द्यायचे होते! म्हणजे घरातून निघून, समुद्र ओलांडून, सकाळी पुन्हा तेच.

मी जागेवरून उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. काही सुचलं नव्हतं, तरी बोलून बसले, "अक्का, मी तुम्हाला टेबलावर बसवते." त्यांनी माझा हात एवढा घट्ट धरला की मला माझीच भीती वाटली.

*

गुंडण्णा दुसऱ्या दिवशी स्वतः आले. कोर्टात हेडक्लार्क होते. लिहिलेल्या नियमापुढे मान तुकवणारे, पण नियम आधी पूर्ण वाचणारे. पत्रकावर पेन्सिलीनं खुणा करून आणल्या होत्या. त्यांचा सवाल सरळ होता. पोट भरायला कोट कशाला लागतो? कॉलर, पूर्ण पँट, बंद बूट, हे कुणासाठी?

वासण्णा माझ्याकडे बघायला लागले. मी पेनचं टोपण चावत होते. आणि एकदम तोंडातून निघालं, "अण्णा, ती त्यांची मडी आहे."

गुंडण्णांनी चष्मा काढला. मग मी सुटलेच. ठरावीक वस्त्राशिवाय त्यांच्या पंक्तीत प्रवेश नाही. हे वस्त्र नेसून बाकीची कामं करायची नाहीत. आत गेल्यावर बसायची जागा ठरलेली, वाढायचा क्रम ठरलेला. हे सांगता सांगता मलाच ते खरं वाटायला लागलं.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "कुठल्या का होईना, मडी ती मडी. मी बसेन. दूध, केळं घेईन. बाकीचं तिथं बघू."

ते जिना उतरल्यावर मी एक गोष्ट केली, जी कुठल्याही ब्रोशरमध्ये नव्हती. अक्षर बदलू न देता पत्रकाखाली एक ओळ वाढवली: 'अकरा. डायनिंग रूममध्ये स्त्रीने पहिला घास घेतल्याशिवाय पुरुषाने खाण्यास सुरुवात करू नये.' आणि ती नवी झेरॉक्स गुंडण्णांच्या घरी पोचवली.

*

त्या ग्रुपबरोबर जाणारे आमचे टूर मॅनेजर आदल्या आठवड्यात कांजिण्यांनी आजारी पडले. वासण्णांनी मला पाठवलं. म्हणजे जहाज पहिल्यांदा बघणाऱ्यांत मीही एक होते, पण तोंडावर तसं दिसू द्यायचं नव्हतं.

पहिल्या सकाळी नऊ वाजता कॉरिडॉरमध्ये गलका ऐकू आला. बाहेर येऊन बघते तर गुंडण्णा! अंघोळ करून केस ओले, कपाळाला गंध, अंगात काळा कोट, टाय, पॉलिश केलेले बूट. दोन्ही हात छातीशी आवळून ते भिंतीपासून अंतर राखत चालले होते, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "सरका, सरका, मडीत आहे!"

सफाई करणारे आपल्या ढकलगाड्यांसकट भिंतीला चिकटले. टॉवेल गुंडाळून स्विमिंग पूलकडे निघालेलं एक जोडपं उलट्या पावली केबिनमध्ये शिरलं. मागून सरसक्का, नऊवारी रेशमी लुगड्यात, खाली मान घालून हसू दाबत येत होत्या. लिफ्टमध्ये आधीच तिघं होते, तर अण्णांनी ती सोडून दिली आणि चार मजले जिन्यानं उतरले.

*

डायनिंग रूममध्ये मी त्यांच्या शेजारचं टेबल घेतलं. वेटर आला, अण्णांना ओलांडून आधी अक्कांकडे वळला आणि त्यानं वाकून विचारलं, काय आणू? अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी अर्थ सांगितला. त्या कितीतरी वेळ मेनू कार्डावरून बोट फिरवत राहिल्या. चाळीसएक पदार्थ असतील. शेवटच्या ओळीत भारतीय प्रवाशांसाठी एक पदार्थ होता, तिथे बोट थांबलं. उपमा.

उपमा आला. अण्णांपुढे दूध आणि केळं आलं. अण्णा हात मांडीवर ठेवून बसले. अक्काही हात मांडीवर ठेवून बसल्या.

पाच मिनिटं गेली. मला आधी कळेचना. मग लक्षात आलं. अक्का नवऱ्याआधी कधी जेवल्या नव्हत्या, त्या अण्णांची वाट बघत होत्या. आणि अण्णा नियमाप्रमाणे अक्कांची वाट बघत होते!

दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. उपम्याची वाफ गेली. मी चार वेळा खुर्ची मागेपुढे केली. जाऊन सांगावं, की तो नियम मीच बनवलाय? मग अण्णा केळं सोलणार, अक्का बघत बसणार, आणि मी दिलेला शब्द गेला. न सांगावं, तर दोघं उपाशी. आजूबाजूची टेबलं रिकामी झाली. नाश्त्याची वेळ संपत आली होती, वेटर टेबलक्लॉथ काढत होते, साखर-मिठाच्या डब्या गोळा करत होते. एकानं यांच्याही टेबलावरच्या उचलल्या.

अक्का हळूच म्हणाल्या, "तुम्ही घ्या की."

अण्णांनी कोटाच्या आतल्या खिशातून माझं पत्रक काढलं. घड्या उलगडल्या, चष्मा लावला आणि कोर्टात वाचावं तसं मोठ्यानं वाचलं, "अकरा." पूर्ण ओळ वाचली. मग पत्रक अक्कांकडे फिरवून पेन्सिलीची खूण दाखवली.

अक्कांनी ते वाचलं. मान वर करून माझ्याकडे बघितलं, चांगलं निरखून. मी छताकडे बघायला लागले.

मग त्यांनी पदर सारखा केला, चमचा बाजूला ठेवला, हातानं एक घास घेतला आणि सावकाश चावला. अण्णा त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"मीठ," अक्का म्हणाल्या, "स्वल्प कमी आहे."

अण्णांनी टेबलावर नजर फिरवली. मिठाची डबी आता फक्त पार टोकाच्या टेबलावर उरली होती. तिथे पूलमधून तशीच आत घुसलेली, ओल्या चड्ड्या घातलेली दहाबारा पोरं दाटीवाटीनं अंडी खात बसली होती. गुंडण्णांनी कोटाचं बटण लावलं, खुर्ची मागे सारली, आणि त्या गर्दीतून वाट काढत मीठ आणायला गेले.