मी न सांगितलेले ठोके

आईने काही सांगितलेच नाही, असे मी चार वर्षे सर्वांना सांगत आलो. ते खोटे आहे. तिने सांगितले होते. मीच ते पुढे जाऊ दिले नाही.

तिला न्यूमोनिया झाला, तेव्हा साताऱ्याहून ती माझ्याकडे लखनौला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. तिला हिंदी येत नव्हती. रुग्णालयात तिचे बोलणे मी डॉक्टरांना सांगायचे आणि त्यांचे तिला, अशी रीत पडली होती. पाचव्या दिवशी ताप उतरला. सकाळी डॉक्टर फेरीला आले, तशी तिने डाव्या हाताच्या बोटाने माझ्या मनगटावर ठोके देऊन दाखवले.

"असं होतंय बघ छातीत. टक, टकटकटक, मग काहीच नाही. कालपासून येतंय नि जातंय. सांग ना त्यांना."

"माताजी क्या कह रही हैं?" डॉक्टरांनी विचारले.

दुसऱ्या दिवशी आमच्या बँकेच्या हजरतगंज शाखेत इन्स्पेक्शन होते. रुग्णालयात आणखी एक दिवस मला नको होता.

"कुछ नहीं, घर जाने की ज़िद कर रही हैं."

डॉक्टर हसले. मी निरोप पोहोचवला असे समजून तीही हसली.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तिच्या डाव्या हातातून चहाचा कप गळून पडला. संसर्गाच्या ताणाने हृदयाचा ताल बिघडला होता; तिथे धरलेली गुठळी मेंदूपर्यंत पोहोचली होती.

"धड़कन की बात पहले क्यों नहीं बताई?" तिला पुन्हा रुग्णालयात नेले, तेव्हा डॉक्टरांनी विचारले.

"इन्होंने बताया ही नहीं," मी म्हणालो. तेच पुढे बहिणीलाही सांगितले.

बहीण दरवर्षी येते. यंदाही आईची वेणी घालताना तिने सुनावलेच. "तोंड शिवलं होतं का गं तुझं? दादा शेजारीच होता ना?"

"राहून गेलं बाई सांगायचं," आई नेहमीप्रमाणे म्हणाली, आणि निर्जीव डावा हात उजव्या हाताने उचलून तिने मांडीवर नीट ठेवला. माझ्याकडे तिने पाहिलेही नाही. माझे खोटे ती अशी चार वर्षे सांभाळत आली होती.

मी उठून तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"तिनं सांगितलं होतं," मी बहिणीला म्हणालो. मग आईला: "आई, तू सांगितलं होतंस. मी डॉक्टरांशी खोटं बोललो, आणि दोष तुझ्यावर ढकलला. चुकलो मी. मला माफ कर."