साहेबाच्या चुलीत गोजाबाईचा जाळ

माझी सासू गोजाबाई कुणाच्या बापाचं ऐकत नाही, ही गोष्ट लग्नाआधी मला कुणी सांगितली नाही. सांगितली असती तरी मी संघरत्नाशीच लग्न केलं असतं, पण निदान तयारीनं केलं असतं. मी शहापूरला वायरमन आहे. हायटेन्शनला घाबरत नाही. सासूला घाबरतो आणि ते मान्य करायला मला लाज वाटत नाही.

टोकावड्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्यापासून थोडं आत एक दगडी बंगला आहे. दारावरच्या दगडात १८८७ कोरलंय. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात कुणा जंगलसाहेबानं तो बांधला आणि पुढे एका पारशी लाकूड-ठेकेदारानं घेतला. दोन-दोन फुटांच्या भिंती, छपराला सागवानी कैच्या, वर मंगलोरी कौलं. पुढच्या मोठ्या खोलीत भिंतीतच बांधलेली एक चूल आहे. तिच्यावर स्वयंपाक करायचा नसतो, नुसतं शेकत बसायचं असतं. तिचं धुराडं थेट कौलांच्या वर निघतं. माझ्या सासऱ्याचा बाप त्या बंगल्याचा रखवालदार होता आणि त्याच्यामागून सासरा, महादूमामा. ठेकेदाराची मुलगी शेवटी एकटीच उरली. तिनं आठ वर्षांपूर्वी मुरबाडला जाऊन बंगला महादूमामांच्या नावानं बक्षीसपत्र करून दिला आणि वर्षाच्या आत वारली.

आता गंमत ऐका. बंगला नावावर झाला, घरपट्टी 'महादू' या नावानं यायला लागली, आणि ही माणसं राहायची कुठं? मागच्या अंगाला, रखवालदाराच्या खोलीत. तीही आठ वर्षं! मामा रोज सकाळी पुढची दारं उघडायचे, झाडायचे, खिडक्या पुसायचे, परत कुलूप लावायचे आणि चावी कमरेला खोचायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "थंड हाय रे ते घर. आपल्याला नाय मानवायचं."

घर थंड होतं हे खोटं नाही. ठेकेदारानं जुन्या चुन्यावर सिमेंट फासलं होतं, त्यामुळे पावसाची ओल भिंतीतच कोंडून राहायची. जानेवारीत आत पाऊल टाकलं की तळपाय बधिर व्हायचे. पण मामांचा गारठा भिंतीतला नव्हता. जिथं जन्मभर हात बांधून उभं राहिलो तिथं पाय पसरून बसायचं कसं, ही त्यांची अडचण होती. सासूला ती पक्की ठाऊक होती आणि तिचा तिला संताप यायचा.

गेल्या पावसाळ्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. संघरत्नाला दिवस गेल्याचं कळलं आणि ठाण्याचा एक शेट बंगला विकत मागायला आला. त्याला तिथं रिसॉर्ट काढायचं होतं. मामा जवळजवळ हो म्हणून बसले. तेव्हा सासू पुढं आली.

"पोरीचं पयलं बाळंतपण माहेरी व्हणार," ती म्हणाली. "आन माहेर म्हंजे पुढची खोली. मागची नाय."

माझी आई, वंदना, हे ऐकून तीन ताड उडाली. "त्या गारठ्यात माझी सून नाय पाठवायची," म्हणाली. "बाळंतिणीला वारा लागला तर जन्माचं दुखणं." मामांना तर हे आयतंच सापडलं. त्यांनी सासूला अट घातली. पौष लागायच्या आत ती खोली ऊब धरली तर राहू, नाही तर शेटला होकार देऊ. सासू म्हणाली, "कबूल." मला कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या रविवारी मी किन्हवली, सरळगाव करत बाइकनं पोचलो तर सासू शिडीवर उभी, हातात छिन्नी-हातोडी, भिंतीचं सिमेंट उडवतेय. साठीला टेकलेली बाई, पदर डोक्याला बांधलेला, भुवया धुळीनं पांढऱ्या झालेल्या. मी म्हटलं, "मामी, माणूस लावू ना." ती खाली न बघता म्हणाली, "लाव की. दुसरी छिन्नी तितंच हाय."

त्या दुपारी भिंत खरवडता खरवडता तिनं मला ते सांगितलं. संघरत्ना पौषातच जन्मली होती. मागच्या खोलीची भिंत ओली, चुलीला लाकडं ओली, आणि पुढची मोठी खोली सबंध हिवाळा रिकामी. "चावी तुज्या सासऱ्याच्या कमरंला," ती म्हणाली, "आन मी वल्या भितीला पाठ लावून, पोरीला पोटाशी धरून. म्हटलं, मालकाला इचारा, चार दिस त्या चुलीफुडं पडते. ह्यो इचाराय बी गेला नाय." मग नुसती छिन्नी वाजत राहिली. मला तेव्हा मामांचा राग आला, अजूनही थोडा येतो.

भिंतींसाठी तिनं वैशाखऱ्याहून नामा गवंडी आणला. त्यानं देवळांच्या डागडुजीत चुन्याचं काम केलेलं. चुना भिजवला, वाळू घातली, हिरड्याचं पाणी आणि गूळ घातला, आणि महिनाभरात भिंती नव्या नवरीसारख्या उजळल्या. ओल निघून गेली. छत फार उंच, सगळी ऊब वर जाणार म्हणून वस्तीतल्या बायकांकडून जुनी लुगडी मागून आणली, एकाला एक शिवली आणि कैच्यांखाली ताणून आडवं छत केलं. निळं, हिरवं, जांभळं. कुठं ठिगळ, कुठं जर. बायका बघायला आल्या की मान वर करून आपापलं लुगडं शोधायच्या.

राहिली चूल. धुराड्यातून पाऊस आत येतो म्हणून वीस वर्षांपूर्वी मालकानं मामांकडूनच वरच्या तोंडावर फरशी बसवून घेतली होती. ती फोडायला अर्थातच मला वर चढवलं. फरशी निघाली, आतून पाकोळ्यांची घरटी, वाळलेलं पोळं आणि घमेलंभर काजळी निघाली. खाली येऊन आम्ही मोठ्या हौसेनं लाकडं रचली आणि पेटवली. पाच मिनिटांत सगळी माणसं खोकत अंगणात! खोली धुरानं गच्च भरली, नवा चुना पिवळा पडला. नामा डोळे पुसत म्हणाला, "गोजाबाई, ही साहेबाची चीज साहेबासंगं गेली. इटा लावून बुजवून टाक."

 संध्याकाळी शेटचा फोन आला तो मामांनी पडवीत जाऊन घेतला.

मी म्हटलं, आता आपलं खातं. कल्याणहून दोन हीटर आणले, नवी वायर ओढली. बटण दाबलं तर टोकावड्याचं व्होल्टेज बसलं, सळया जेमतेम लाल झाल्या आणि मग लाइटच गेली. आली तेव्हा सासूनं हीटरपुढं हात धरला, पालथा केला, उलथा केला. "जावाय," ती म्हणाली, "ह्याच्यावर पापड बी भाजायचा नाय." ते हीटर मी परत नेले. आता कुणाला पाहिजे असतील तर माझ्याकडं आहेत.

त्यानंतर दोन दिवस ती त्या चुलीपुढं नुसती बसून होती. हे एक तुम्हाला सांगायचं राहिलं. आमच्या सासूनं उभ्या वस्तीच्या चुली घातल्यात. नवी सून आली की तिची चूल गोजाबाईनं घालायची. कुणाची धुरकट निघाली म्हणून कधी तक्रार नाही. तिसऱ्या दिवशी ती डोकं घालून त्या भिंतीत शिरली, कंदिलानं वर बघितलं आणि काळी होऊन बाहेर आली.

"तोंड लय मोठं क्येलंय मेल्यांनी," ती म्हणाली. ठेकेदाराच्या शिकारी दोस्तांनी मोठं पातेलं आत मावावं म्हणून पुढची कमान फोडली होती, तिच्या खुणा तिनं बोटानं दाखवल्या. "आन पोट लय खोल. जाळ मागंच बसतो, फुडं येत नाय. धूर मातुर फुडं येतो."

मग वारुळाची माती आली, भाताचं तूस आलं, शेण आलं. तिनं पायानं गारा तुडवला. चुलीची मागची भिंत पुढं आणून वरच्या बाजूला कलती केली, दोन्ही बगला तिरक्या केल्या आणि तोंडाच्या वरून वीतभर खाली मातीचा ओठ उतरवला. नामा म्हणाला, बाईमाणसानं साहेबाच्या कामात हात घालू नये, फुटंल. ती म्हणाली, "साहेबानं कदी सोता चूल घातली व्हती काय? सरक, उजेड आडवतूस." लिंपून झालं आणि पंधरा दिवस तिनं कुणाला तिथं काडी ओढू दिली नाही. तडा गेला की ओलं बोट फिरवायची. तिकडं पौष लागायला आठवडा उरला, संघरत्नाचे पाय सुजायला लागले, माझी आई मला रोज विचारायची की काय झालं त्या भट्टीचं.

पेटवायच्या दिवशी सकाळी सासूनं लाकडं रचली. धूर पहिल्याहून कमी आला, पण आलाच. ओठाखालून एक पातळ पट्टा वळून खोलीत यायचा आणि लुगड्यांच्या छताला लागायचा.  सासूच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते धुराचं नव्हतं. मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, संपलं.

तेव्हा मामा मागच्या दारातून आत आले. हातात छिन्नी. चुलीच्या डाव्या अंगाला, जमिनीलगत, भिंतीवर त्यांनी बोटाच्या पेरानं टकटक केलं, एका जागी थांबले आणि सिमेंटचा शिल्लक पोपडा उडवला. आत हाताच्या मुठीएवढं भोक होतं, बाहेरच्या भिंतीपर्यंत गेलेलं. त्यातून गार वारा सणकन आत आला.

"हितनं ती वारा घेती," मामा म्हणाले. "माजा बाप आदी हे उघडायचा. मंग पेंढा पेटवून धुराड्याच्या नरड्यात धरायचा, नरडं गरम व्हयाला. मंग लाकडं."

सासू त्यांच्याकडं बघतच राहिली. "आट वर्सं तोंड शिवलं व्हतं काय तुमचं?"

"ती चूल त्येंच्यासाटी पेटवायचो," मामा म्हणाले. "आपल्यासाटी कशी पेटवायची, मला ठावं नव्हतं."

ती त्यांच्यावर ओरडेल असं मला वाटलं. तिनं फक्त पेंढ्याची जुडी त्यांच्या हातात दिली. मामांनी ती पेटवून वर धरली, नरड्यात भक्कन आवाज झाला, आणि मग लाकडांनी असा पेट घेतला की धूर सगळा सरळ वर! खोलीत एक तार नाही. कलत्या भिंतीवरून ऊब पुढं येत होती, पार दारापर्यंत. मी बाहेर धावत जाऊन बघितलं तर धुराड्यातून धूर निघत होता आणि रस्त्यावर एसटीतली माणसं खिडकीतून माना काढून बघत होती.

मुलगी झाली. मुरबाडच्या दवाखान्यातून पाचव्या दिवशी तिला पुढच्याच दारानं घरात घेतलं. कोपऱ्यात साडीचा पडदा, पडद्याआड बाज, बाजेखाली शेगडी. शेगडीतले निखारे साहेबाच्या चुलीतले, वर ओव्याची चिमूट. माझी आई दोन शाली पांघरून तपासणीला आली. घटकाभरानं एक शाल काढली, मग दुसरी. "उकडतंय गो हितं," ती सासूला म्हणाली, आणि आजतागायत तिनं हरल्याचं कबूल केलेलं हे एवढंच.

बाराव्या दिवशी शेट आला. बरोबर कागद. मामांनी त्याला खुर्ची दिली आणि सवयीनं स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले. शेटनं आगीपुढं हात चोळले, लुगड्यांच्या छताकडं बघितलं, खूश झाला. म्हणाला, "वा! हे तर तयारच आहे. असंच ठेवू. आणि काका, तुम्ही कुठं जायचं नाही. मागची खोली तुमचीच. रखवालीला तुमच्यासारखा माणूस मिळणार नाही. काकूंनी रोज संध्याकाळी ही पेटवायची, गेस्टना आवडेल."

सासू तोंड उघडणार होती. मी ओळखतो ना, तिची हनुवटी आधी वर जाते. पण मामांनी हात वर करून तिला थांबवलं. ते भिंतीपासून सुटले, दुसरी खुर्ची ओढली, आणि साहेबाच्या त्या चुलीपुढं शेटच्या बरोबरीनं बसले. पाय पसरले. तळवे जाळाकडं केले.

"शेट," ते म्हणाले, "आता उठा. बाळंतिणीच्या शेकाची येळ झाली. बाप्या मान्सांनी खोलीत थांबायचं नसतं. मी बी जातो, जावाय बी जातो." शेट कागद दाखवायला लागला तसे ते उठले, पुढचं दार सताड उघडून उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "आन ते कागद परत आणू नका. राहतं घर हाय हे."