उद्घाटनाआधी हात लावू नये

भिवंडीत नवा लूम बसला की मालक नारळ फोडतो, पेढे वाटतो, घरातल्या वडीलधाऱ्याच्या हातून बटण दाबून घेतो आणि संध्याकाळपर्यंत कापड निघायला लागतं. मुहूर्ताला इथे मान आहे, पण कापडाला जास्त आहे. आमच्या केंद्रात मात्र मुहूर्तच मालक होऊन बसला.

केंद्र म्हणजे भिवंडीजवळच्या दापोड्यातलं एक भाड्याचं गोडाऊन. एका शिक्षणसंस्थेला सरकारी अनुदान मिळालं होतं. आसपासच्या मुलांना नव्या शटललेस, म्हणजे धोट्याशिवाय विणणाऱ्या मशीनवर शिकवायचं आणि कामाला लावायचं, अशी ती योजना. टेक्स्टाइलचा डिप्लोमा करून मी घरी बसले होते, तेव्हा शिक्षिका म्हणून माझी वर्णी लागली. नोकरी कंत्राटी होती. बॅच भरली तर पगार, नाहीतर घरचा रस्ता.

पहिल्याच बॅचला माझा धाकटा भाऊ आला. तोवर तो जुन्या लूमवर रात्रपाळी करायचा आणि सकाळी कापसाच्या तुसानं पांढरा होऊन घरी यायचा. नव्या मशीन असलेल्या एका मोठ्या कारखानदारानं संस्थेला शब्द दिला होता, की मशीन चालवणारी मुलं द्या, मी त्यांना कायम करतो. त्या ‘कायम’वर भावानं लूम सोडला. त्याच्या शेठनं बजावलं होतं, “जा रहे हो तो जाओ, वापस जगह नहीं मिलेगी.” भाऊ घरी येऊन आईला म्हणाला, “परत कोणाला जायचंय?” आमच्या घरात कायम नोकरी तोवर कोणालाच लागली नव्हती.

दसऱ्याच्या सुमारास मशीन आली. गोडाऊनचा मालक गावातलाच, भाताच्या शेतात भराव टाकून गोडाऊन बांधलेला हौशी माणूस. त्यानं न सांगता नारळ आणला होता. “नारल फोरला, मॅडम. आता बटन दाबाचा का झाला,” तो म्हणाला. पण संस्थेचे सचिव पुढे आले. अनुदानातली वस्तू आहे, बटण मोठ्या पाहुण्यांच्याच हातून दाबलं गेलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्याआधी तेलाचा एक डाग जरी पडला तरी तपासणीवाले म्हणतील, जुनी मशीन आणली. त्यांनी प्लास्टिक पुन्हा ओढून घेतलं, वरून लाल फीत बांधली आणि भोवती चुन्याची रेघ मारायला लावली.

“मग तोवर शिकवू कशावर?” मी विचारलं.

“फळा आहे ना,” सचिव म्हणाले.

पाहुण्यांची तारीख काही मिळेना. आधी त्यांचा दौरा निघाला, मग अधिवेशन, मग निवडणुकीची आचारसंहिता. आम्ही दर सोमवारी गोडाऊन झाडून, रांगोळीचा डबा भरून तयार. मुलं रेघेबाहेर उभी राहायची आणि मी लांब पट्टीनं प्लास्टिकवरूनच दाखवायचे, हा ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, हा आडवा धागा ओढून नेणारा रेपियर, इथून तो जातो. एकदा एका मुलानं प्लास्टिक उचलून आत डोकावलं. ते सचिवांनी पाहिलं आणि तेव्हापासून नियम झाला, मशीनजवळ उभं राहताना हात मागे बांधायचे. मला त्याचा फार राग यायचा. आमच्या आजोबांनी ज्या शिवाशिवीकडे पाठ फिरवून धम्म घेतला, ती माझ्याच वर्गात लोखंडाची होऊन बसली होती आणि पोरांना लांब उभं करत होती.

भाऊ वर्गात मला मॅडम म्हणायचा आणि तिथेच सगळ्यात जास्त छळायचा.

“मॅडम, धागा तुटला तर जोडताना ओढायचा किती?”

“हलका.”

“हलका म्हणजे किती?”

कॉलेजात असताना मीसुद्धा अशी मशीन सहलीत, काचेपलीकडून पाहिली होती. पुस्तकात ‘योग्य ताण’ लिहिलं होतं, तेच मी फळ्यावर लिहिलं. त्यानं वहीत उतरवून घेतलं.

बॅच संपायला आली तेव्हा मार्चही संपत आला होता आणि अनुदानाचा हिशोब वर जायचा होता. मग मात्र पाहुणे मिळाले. उद्घाटनाच्या दिवशी मशीन बंद पडायला नको म्हणून सचिवांनी कुठल्याशा कारखान्यातून एक कारागीर आणला आणि त्याला आमच्या मुलांचा निळा एप्रन घातला. पाहुण्यांनी फीत कापली, बटण दाबलं, कारागिरानं पुढचं सांभाळलं. फोटो निघेपर्यंत मशीन चालली. भाऊ रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता. घरी येताना म्हणाला, “ताई, काय पळते गं ती. नजर ठरत न्हाय.” तो खूश होता.

कारखानदारानं शब्द पाळला. त्यानं सगळ्या मुलांना बोलावलं, सोबत मी गेले. मॅनेजर भला माणूस होता. त्यानं भावाला चालू मशीनपाशी नेलं आणि भाऊ सवयीनं हात मागे बांधून उभा राहिला.

“हात समोर घ्या,” मॅनेजर म्हणाला. “धागा तुटलाय, जोडा.”

भावानं हात समोर घेतले. धागा धरला, ओढला, तो आणखी तुटला. दुसरा धरला, तोही गेला. शेजारचा कारागीर येऊन दोन बोटांनी गाठ मारून निघून गेला. मॅनेजर म्हणाला, “जरा शिकून या, मग बघू.”

“शिकूनच आलोय,” भाऊ म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली गेला होता की मॅनेजरला तो ऐकूच आला नसावा. बॅचमधल्या एकालाही त्यांनी घेतलं नाही.

जुन्या शेठकडे जागा उरली नव्हती. भाऊ मानकोलीला एका गोडाऊनमध्ये खोकी उतरवायला लागला. आमच्या संस्थेनं वर कळवलं की मुलं प्रशिक्षित झाली, मशीन उत्तम चालते, आणि पुढच्या वर्षीचं अनुदान मंजूर झालं. मशीनवर पुन्हा प्लास्टिक चढलं, कारण आता तपासणी व्हायची होती. पण दुसऱ्या बॅचला मुलं येईनात. गावात बोभाटा झालाच होता. बॅच भरली नाही तर येऊ नका, असं सचिवांनी मला स्पष्ट सांगितलं, आणि मी ते घरी सांगितलं.

त्या रविवारी भाऊ त्याच्या गोडाऊनवरची दोन पोरं घेऊन घरी आला. त्यांना चहा दिला. तो त्यांना समजावत होता, “मशीन एकदम भारी हाय. शिकून घ्या. कारखान्यात कायम करतात.” पोरं मन लावून ऐकत होती.

मी त्याला आत बोलावलं. “खोटं कशाला सांगतोस?”

“मशीन हाय ना तिथं?” तो म्हणाला. मग भांड्यातलं पाणी पिऊन, माझ्याकडे न बघता, “माझं तर झालंच. घरात एकीचा तरी पगार चालू ऱ्हाऊ दे.”

आणि तो बाहेर जाऊन पोरांना केंद्राचा पत्ता समजावून सांगायला लागला.