तृप्तीच्या बरण्या आणि सरुबाईची चाळणी

तुकईथडच्या शाळेत अठरा वर्षं दुपारचं जेवण रांधणाऱ्या सरुबाईला जगात एकच गोष्ट बघवत नाही: वाया जाणारा दाणा. नापास झालेलं पोरगं तिला चालतं, ताटात टाकलेला भात नाही. "खाय रे भो, खाय! तुझ्या बापानं पेरलं, मायनं निंदलं, अन तू चिमणीवानी टिपून राहिला?" एवढं ऐकलं की पोरगं ताट असं चाटतं, की धुवायचं कामच उरत नाही.

यंदा बुऱ्हाणपूरच्या एका संस्थेनं कळवलं, की खेड्यातल्या घरोघरच्या जुन्या रीतींवर हायस्कूलच्या मुलांनी प्रयोग करावेत, जो प्रयोग पटेल त्याला पैसे देऊ. विज्ञानाच्या लीलाधर सरांनी ते दहावीला वाचून दाखवलं. सर छापील बोलतात, आणि प्रत्येक वाक्याला 'क्लियर'चं शेपूट. "परंपरेमध्ये विज्ञान दडलेले आहे, क्लियर? ते आपण शोधायचे आहे, क्लियर?"

तृप्तीला क्लियर झालं. सरुमावशी हरभऱ्याला राख चोळून ठेवते, त्याला भुंगा लागत नाही. तिनं हरभऱ्याच्या दोन बरण्या भरल्या, एक राखेची, एक कोरी. दोन्हींत दहा-दहा भुंगे सोडले आणि तोंडाला फडकी बांधली. पैसे मिळाले तर शाळेत पहिलं सूक्ष्मदर्शक येणार होतं. तोवर ती आजोबांच्या फुटक्या चष्म्याच्या काचेतून भुंग्यांचे पाय मोजत होती.

बरण्या ठेवायला जागा एकच, सरुबाईच्या कोठीतली फळी.

"मावशी, कोऱ्या बरणीला हात लावू नको हं."

"मी काहून लावू माय?"

दोन महिने सरुबाईनं शब्द पाळला. कोऱ्या बरणीच्या बुडाशी पीठ साचायला लागलं, तशी ती फळीकडे पाठ करून कणीक मळायला लागली. पण उद्या संस्थेच्या मॅडम येणार हे कळलं, आणि तिचा धीर सुटला. पाहुण्यांना काय भुंगे दाखवायचे? शाळेची काही इज्जत? तिनं चाळणी काढली, भुंगे कोंबड्यांना दिले, भोकाचे दाणे वेचले, बरणीत टपोरा हरभरा भरला आणि फडकं पहिल्यापेक्षा नेटकं बांधलं.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या मृणाल मॅडम आल्या, बुऱ्हाणपुरातल्या लोधीपुऱ्याच्या. वर्गात त्यांनी दोन्ही बरण्या उजेडात धरल्या. "अच्छा, ही राखवाली. आणि ही बिना राख? पर बेटा, फरक काय पडला? सेम टू सेम आहे ना."

तृप्ती बरणीकडे बघतच राहिली. काल-परवापर्यंत पीठ होतं तिथे. तिनं फडकं सोडून हात घातला, टपोरे दाणे बघून डोळे भरले. सरांनी 'क्लियर' अर्ध्यावर सोडून बरणी हातात घेतली.

सरुबाई चहाचा ट्रे घेऊन दारात. गप्प राहिली तर तिला कोणी विचारणारही नव्हतं. पण पोरीचं तोंड बघवेना.

"बाई, भुंगे होते. लय होते. म्या चाळले."

"कामून वं?" लीलाधर सर ओरडले. छापील सरांच्या तोंडून निघालेलं हे घरच्या बोलीतलं पहिलं वाक्य. अख्खा वर्ग खिदळला.

"पाहुणे येऊन राहिले होते ना!"

"आणि ते खराब दाणे? फेकले?" मॅडमनी विचारलं.

सरुबाईला हे फारच लागलं. "फेकीन मी? बकरीसाठी ठेवले. आज उकडणार होते."

डबा आला. प्रत्येक दाणा बासरीसारखा भोकाभोकांचा. तृप्तीनं डोळे पुसले आणि मोजायला बसली: कोऱ्या बरणीतले सहाशे अकरा. राखेच्या बरणीत शोधून शोधून चार.

मॅडमनी प्रयोगाच्या कागदावर सही केली. "पैसे मिळतील. पण प्रयोग नव्यानं, आणि बरणी कुलपात. या मावशींपासून लांब."

"कुलूप लावा," सरुबाई म्हणाली, "पण बरणीभर हरभरा भुंग्यांना? आम्ही पेरणीआधी शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधतो. किती उगवले मोजलं, की बियाणं कळतं. तुमच्या भुंग्यालाही शंभर बास."

मॅडमनी कागदावरचं 'बरणीभर हरभरा' खोडून 'शंभर दाणे' लिहिलं.

दुसरी जागा नव्हतीच, म्हणून आता कोठीतच कुलूपबंद डबी आहे. तिच्यासमोरून जाताना ती दिसू नये म्हणून सरुबाई त्या बाजूनं पदर ओढून घेते आणि पुटपुटते, "खा मेल्यांनो, शंभरच आहेत."