बी विंगचं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायची वेळ आली नाही असं नाही, आली होती — चांगली समोर येऊन उभी राहिली होती, आणि मी तिला वळसा घालून निघून गेलो. आता तुम्ही बसलाच आहात तर ऐका. फक्त मध्येच ‘जाऊ द्या हो’ म्हणू नका.

आम्ही नवीन पनवेलला राहायला गेलो ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. रस्ते रुंद, माणसं कमी, बाल्कनीत उभं राहिलं की पलीकडे अजून भातखाचरं दिसायची. बिल्डिंग दोन विंगची. ए विंगमध्ये बहुतेक आमच्यासारखे, मुंबईत नोकरी आणि पनवेलला घर. बी विंगमध्ये थोडे आमच्यासारखे आणि थोडे इथलेच, ज्यांची शेतं या नव्या शहरात गेली होती. सोसायटी झाली तेव्हा सेक्रेटरी व्हायला कुणी तयार नव्हतं. मी हात वर केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या — सुटलो एकदाचे, म्हणून. पुढची बरीच वर्षं तो हात मी खाली घेतला नाही.

आधी नियम साधे होते. चपला दाराच्या आत. ओले कपडे खालच्यांच्या बाल्कनीवर ठिबकता कामा नयेत. मग ते वाढत गेले. जिन्यात मोठ्याने बोलायचं नाही. आवारात बॉल आणायचा नाही. सगळ्यांच्या दाराला रंग एकच, आणि तो मी ठरवणार. बाल्कनीत बोंबील वाळत घालायचे नाहीत — हा नियम कुणासाठी होता ते सगळ्यांना कळत होतं, मलाही कळत होतं. खालच्या फळ्यावर मी खडूने लिहायचो आणि सही ठोकायचो. मीटिंग कधी झाली, ठराव कधी पास झाला, असं कुणी विचारत नसे. का विचारत नसे? कारण पाणी माझ्या हातात होतं.

गच्चीवर टाकी होती. टाकीतून दोन पाइप निघत, एक ए विंगला, एक बी विंगला, आणि दोन्हींवर एकेक वॉल्व्ह. गच्चीला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. सकाळी मी वर जाऊन वॉल्व्ह सोडायचो, थोड्या वेळाने बंद करायचो. कुणी नियम मोडला की त्याच्या विंगचा वॉल्व्ह अर्धाच फिरवायचा आणि खाली येऊन म्हणायचं, “आज प्रेशर कमी आहे.” दोनतीन दिवसांत कपडे आत, बॉल आत, बोंबील आत. लोकांना संशय नसेल का? असणारच. पण नळ कोरडा असला की माणूस भांडत नाही, बादली धरून उभा राहतो.

एकदा ए विंगच्या काळेकाकूंनी बी विंगमधल्या कुणाला दोन बादल्या पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी मी ए विंगलाही कोरडं ठेवलं आणि फळ्यावर लिहिलं, एका विंगने दुसऱ्या विंगला पाणी देऊ नये. त्यानंतर कुणी दिलं नाही. मी जिना उतरू लागलो की खालचं बोलणं थांबायचं. मला ते आवडायचं. ऑफिसात साहेब माझं नावसुद्धा धड घेत नसत — पण ते कारण म्हणून सांगत नाही. आवडायचं, म्हणजे आवडायचंच.

बी विंगच्या तळमजल्यावर हिराबाई राहायच्या. नवरा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा, तो घरी कमीच. घराचा सगळा गाडा हिराबाईंवर. मुलगी संगीता, तिचं लग्न आपटा गावच्या मुलाशी ठरलं. एका रविवारी हिराबाई नवं लुगडं नेसून, ताटात अक्षता आणि सुपारी घेऊन आमच्या दारात आल्या.

“भाऊ, पोरीची हलद हाय. बिल्डिंगीन पयली सुपारी तुमाला. मांडव खालीच घालतो, जागा हाय.”

मी वाट बघत होतो — ‘घालू का?’ असं त्या कधी विचारतात याची. त्यांनी विचारलं नाही. माझ्या हातावर सुपारी ठेवली, बायकोला कुंकू लावलं आणि गेल्या. मी बायकोला म्हणालो, “परवानगी मागायची सोडून सांगून गेली.” ती म्हणाली, “अहो, आमंत्रण द्यायला आल्या होत्या.” मी तिलाही गप्प केलं.

फळ्यावर लिहिलं, आवारात मांडव घालण्यास परवानगी नाही. तरी मांडव उभा राहिला. मी जाब विचारायला गेलो तर हिराबाईंचा नवरा हसून म्हणाला, “साहेब, तुमी सुपारी घेतली ना?” मला वाटलं, उर्मटपणा करतोय. त्यांच्यात पहिली सुपारी गावच्या मानकऱ्याला देतात आणि त्याने ती घेतली की कार्य त्याचंही होतं, हे मला फार उशिरा कळलं. मला मानकरी केलं होतं, आणि मी अर्जाची वाट बघत बसलो होतो.

हळदीच्या सकाळी मी गच्चीवर गेलो. ए विंगचा वॉल्व्ह पूर्ण सोडला. बी विंगच्या वॉल्व्हला हात लावला नाही. कुलूप लावलं, खाली आलो, चहा घेतला. कुणी विचारलं तर सांगत होतो, “लाइनीत हवा धरलीय. प्लंबरला निरोप पाठवलाय.” कसला निरोप आणि कसला प्लंबर?

मांडवात धवलारीण, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी बाई, केव्हाची गात होती. संगीता पाटावर, अंगभर हळद. आता अंघोळ घालायची तर घरात पाणी नाही. बायका हंडे घेऊन ए विंगमध्ये शिरल्या. मी बाल्कनीत उभा राहून ऐकत होतो. दारं उघडत होती आणि लावली जात होती. “आम्हालाच कमी आलंय हो,” असं सांगणाऱ्यांच्या मोरीत नळ वाहताना ऐकू येत होता. काळेकाकूंनी तर दारच उघडलं नाही. ती माणसं वाईट होती का? नव्हती. त्यांना मी शिकवलेलं होतं.

अंघोळ होईना म्हणून धवलारीण तेच गाणं पुन्हा सुरुवातीपासून घेत राहिली. संगीताच्या गालांवरची हळद वाळून तिला भेगा पडल्या. तेवढ्यात आपट्याहून मुलाची उष्टी हळद घेऊन पाहुणे आले. त्यांच्या पायांवर घालायला पाणी नव्हतं, प्यायला नव्हतं. त्यांच्यातली एक म्हातारी सगळ्यांसमोर म्हणाली, “घरान पानी नाय, आनि सोयरीक करताव?” हिराबाईंची मान खाली गेली. मला वरून ती मान दिसली, आणि खरं सांगतो — बरं वाटलं.

मग त्या वर आल्या. हात जोडून म्हणाल्या, “भाऊ, काय तरी करा.” मला हेच हवं होतं. एवढ्यासाठीच सगळं केलं होतं.

आता वॉल्व्ह सोडला असता तरी चाललं असतं. पण मग लोकांना कळलं असतं. म्हणून मी टँकर मागवला. टँकर आवारात शिरला तेव्हा मांडवातली माणसं उठून उभी राहिली आणि मला पुढे घालून नेलं. हिराबाईंनी माझ्या हाताला हळद लावली, पाट मांडला, पहिलं ताट मला वाढलं. मटणाच्या पंगतीत माझं ताट वेगळं होतं — वरण, भात, बटाट्याची भाजी. त्या म्हणाल्या, “तुमचा सोवला हाय ना, म्हनून नव्या टोपान रांधलाय. सकाली एकच हंडा होता, त्यातला पानी पयला तुमच्या जेवनाला घेतला.”

मी जेवलो. भात मागून घेतला.

लग्न झालं. पण बी विंग आणि ए विंग पुन्हा नीट बोलली नाहीत. पाणी असून दिलं नाही, हे बी विंग विसरली नाही, आणि ए विंगला मान वर करून बघता आलं नाही. मला ते सोयीचंच पडलं. पुढल्या निवडणुकीत माझ्याविरुद्ध कुणी उभं राहिलं नाही.

दीडेक वर्षाने हिराबाईंनी घर विकलं आणि सुकापूरला गेल्या. निघताना ए विंगमध्ये फक्त माझ्याकडे आल्या. समोरच्या दारात काळेकाकू उभ्या होत्या. त्यांच्याकडे न बघता, पण त्यांना ऐकू जाईल असं, हिराबाई म्हणाल्या, “या बिल्डिंगीन मानूस म्हनाल त एक तुमीच.”

काळेकाकूंचे डोळे भरून आले. त्या आत गेल्या आणि त्यांनी हळूच दार लावून घेतलं. गच्चीची किल्ली माझ्या खिशात होती, माझा हात तिच्यावरच होता. मी हिराबाईंना म्हणालो, “असू दे हो. शेजारधर्म आहे.”