आधीच वाटलेले पेढे

आमच्या शेजारच्या मुलीइतकी चिवट व्यक्ती उभ्या ओमानात दुसरी झाली नसेल, आणि हे सोहारच्या औद्योगिक वसाहतीची धूळ खात संसार केलेली बाई सांगतेय. बारावीत असताना तिनं अमेरिकेतल्या एका बड्या विद्यापीठात अर्ज केला. तिथं भल्याभल्यांना दारात उभं करत नाहीत म्हणे. पण तिच्या बाबांना कसली शंका? तेव्हाच आमच्यातलं एक कुटुंब पुण्याहून परतत होतं. आखातात पेढे निकालाची वाट बघत नाहीत, ते कुणाच्या तरी बॅगेत जागा मिळेल तेव्हा येतात. पेढे आले आणि निकाल लांबला. खराब व्हायच्या आत बाबांनी ते आमच्या मंडळाच्या एप्रिलमधल्या जयंतीच्या तयारीच्या बैठकीत वाटून टाकले. "होणारच आहे, इन्शाल्ला," असं म्हणून मला आग्रहानं दोन दिले. आणि त्याच आठवड्यात नकार आला.

एरवी जयंतीला पहिल्या रांगेत मिरवणारा हा माणूस त्या वर्षी पार मागे, पंख्याखाली जाऊन बसला. कुणाशी नजर मिळवेना. मीही त्यांच्याकडे बघायचं टाळलं, दोन पेढे खाल्ले होते ना. भाषणं संपल्यावर ही पोरगी सरळ उठली आणि तिनं माईक घेतला. इंग्रजी शाळेत वाढलेली, मराठी तिची अडखळत चालते. म्हणाली, "माझं ॲडमिशन झालं नाही. तुम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले, ते ॲडव्हान्समध्ये होते. मी काम चालू ठेवते." एवढं बोलून खाली बसली. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणालाच कळेना.

मग तिनं विद्यापीठाला कारण विचारलं. आम्ही कारणं देत नाही, असं उत्तर आलं. तर ही कारणं गोळा करायला इमारतभर फिरली! दारात उभी राहून विचारायची, "मावशी, माझ्यात काय कमी आहे?" मी वैतागून म्हटलं, बाई, तू फार बोलतेस. झालं, पुढच्या आठवड्यात जिन्यात भेटली की नुसती मान हलवायची. शेवटी मीच हात जोडले, म्हटलं, बोल गं बाई. वरच्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या चाचींनी हिला भाकरी येत नसल्याचं काढलं, तर त्यांच्याच ओट्याशी उभी राहून शिकली. त्या भाकरीचा विद्यापीठाशी काय संबंध, हे विचारायची माझी छाती झाली नाही. फक्त बाबांनी तिच्यात काही कमी असल्याचं सांगितलं नाही. "सगळं आहे तुझ्यात," एवढंच म्हणायचे आणि टीव्हीचा आवाज वाढवायचे.

ती मस्कतच्या एका साध्या कॉलेजात जाऊ लागली. तिथले प्राध्यापकसुद्धा तिला बघून वाट बदलत असणार, कारण पेपरात चांगले गुण मिळाले तरी गेलेल्या गुणांबद्दल ती त्यांना गाठायचीच. इथली सुट्टी शुक्रवारची, म्हणून गुरुवारी संध्याकाळी घरी यायची आणि बसमधून उतरली की आधी मला सांगायची, "मावशी, पेढ्याचं काम चालू आहे." पुढच्या वर्षी तिनं त्याच विद्यापीठात पुन्हा अर्ज केला, मधल्या वर्षाला, म्हणजे थेट दुसऱ्या वर्षात. मधल्या वर्षाला तर तिथं मुंगी शिरत नाही, असं माझे यजमान म्हणाले. मी त्यांना गप्प बसवलं.

मुंगी शिरली. बेल वाजली, दारात बाबा उभे होते, हातानंच घरी चला म्हणाले. आम्ही सगळे त्यांच्या घरात जमलो. मी गमतीनं विचारलं, पेढे कुठं आहेत? ती म्हणाली, "तुमचे खाऊन झालेत, मावशी. बाबांचा राहिलाय." आणि तिनं फ्रीझरमधून, सुरमईच्या पिशव्यांखालून, फॉइलमध्ये गुंडाळलेला एक पेढा काढला. त्या वेळी सगळ्यांना वाटून बाबांनी स्वतः खाल्लाच नव्हता. दगडासारखा झालेला, मासळीचा वास मारणारा तो पेढा त्यांनी तोंडात ठेवला आणि तो विरघळेपर्यंत डोळे मिटून बसले. "चांगला आहे," म्हणाले, आणि ढसाढसा रडले. मीही रडले, आता सांगायला लाज कसली.

आता गुरुवारी बस येते, पण जिना शांतच असतो. परवा तिचा अमेरिकेहून फोन आला. सवयीनं विचारलंच तिनं, "मावशी, आता काय कमी आहे?"

म्हटलं, "तुझ्यात काही नाही गं. इथं तू नाहीस, तेवढंच."