काष्टीतला करडा चौकोन

मोजणीअण्णा विचारल्याशिवाय कशालाच हात लावत नसत. कढीपत्त्याची दोन पानं हवी असली तरी कुंपणापाशी उभं राहून हाक मारायचे, "ताई, घेऊ का?" झाड माझं, पण फांदी त्यांच्याच अंगणात वाकलेली. मी आतून ओरडायचे, "अण्णा, किती वेळा विचाराल?"

"जितक्या येळा घेईन, तितक्या येळा."

भूमापन खात्यात त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे बांध मोजले, म्हणून आमच्या काष्टी गावात सगळे त्यांना मोजणीअण्णा म्हणत. निवृत्तीनंतर भाच्याने त्यांना संगणकावर विमान उडवायचा खेळ लावून दिला. खऱ्या विमानात ते कधीच बसले नव्हते. त्या खेळात मुंबई होती, परदेशातली खेडीसुद्धा होती. काष्टीच्या जागी नुसता तपकिरी पसारा. "आपुन ह्यात हायच न्हाई," ते म्हणाले आणि काष्टी तयार करून जगभरच्या खेळणाऱ्यांना फुकट वाटायची असं त्यांनी ठरवलं. इंग्रजी आणि कागदपत्रं माझ्याकडे आली. मी शाळेत लिपिक. याद्या केल्याशिवाय माझं पान हलत नाही.

इंटरनेटवरच्या नकाशातली, वरून घेतलेली चित्रं उचलून खेळात चिकटवणं सोपं होतं. कित्येकजण तेच करतात. मी तसं सुचवलं तर अण्णा म्हणाले, "बगायला ठेवलंय म्हंजी वाटायला दिलंय का? बाजारात म्हैस बगू देत्यात, सोडून न्यू देत्यात का?"

मग परवाना असलेला ड्रोनवाला आला. उडवायच्या सरकारी परवानग्या झाल्या. फोटो त्याने काढलेले, म्हणून त्याच्याकडून लेखी घेतलं. त्याने पहिल्यांदा 'वापरायला हरकत नाही' असं लिहिलं, तर अण्णांनी कागद परत पाठवला. 'बदलायला आणि वाटायला' हे शब्द आल्यावरच तो फाईलला लागला. शिवाय ज्याचं ज्याचं रान फोटोत येणार, त्या प्रत्येकाची सही. ही अट कायद्याची नव्हती, अण्णांची होती. यादी मी ठेवली: नाव, गट नंबर, हो की नाही, सही.

एकच 'नाही' आलं. कालव्याकडेच्या भिकाभाऊंचं. "माझं रान वरून कुनी बगायचं न्हाई." मी आग्रह करायला तोंड उघडलं, तर अण्णांनी हात वर केला. "त्याचं हाय. न्हाई म्हनला. संपलं."

त्या जागी करडा चौकोन राहिला. बाजारतळ, शाळेचे पत्रे, कालव्यावरच्या बाभळी, सगळं स्वच्छ, आणि मधोमध तो चौकोन. चहाच्या टपरीवर कुणी म्हणालं, "अण्णा, गावाला ठिगळ लावलं की वो!" अण्णा हसले. मला हसू आलं नाही. यादीतलं एक घर रिकामं राहिलं की मला जेवण गोड लागत नाही.

काष्टी त्या खेळाच्या वेबसाइटवर चढवायच्या दिवशी तो चौकोन मी इंटरनेटवरच्या नकाशातून भरला. दहा मिनिटांचं काम. 'सर्व चित्रे परवानगीने घेतली आहेत' यापुढे खूण केली. खाली नाव अण्णांचं.

अण्णांनी त्याच दिवशी विमान काढलं. कालव्यावर वळले आणि त्यांचा हात थांबला.

"ताई, हे कुनाला इचारलं?"

"कुणाला कळतंय, अण्णा?"

"काढा."

शाळेत तपासणी होती. "सोमवारी काढते," मी म्हणाले. त्याआधीच चित्राच्या कोपऱ्यातली नकाशा कंपनीची पुसट खूण कुणाला तरी दिसली. तक्रार झाली. वेबसाइटने सगळी काष्टी काढून टाकली आणि अण्णांच्या नावाला बंदी घातली.

टपरीवर तेच लोक म्हणाले, "जगाला कायदा शिकवनारे अण्णा, शेवटी चोरूनच आनलं व्हय!" मी तिथेच होते, हातात भाजीची पिशवी घेऊन. अण्णांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाव माझं हाय त्याच्यावर," एवढंच बोलून उठले.

तिथून ते भिकाभाऊंची माफी मागायला गेले. मी मागोमाग गेले. भिकाभाऊ औत थांबवून म्हणाले, "न इचारता घेनारे लई हायेत, अण्णा. तुमी इचारलं, म्हनून तर मला न्हाई म्हनता आलं." अण्णा खाली मान घालून उभे. शेजारी मी. चौकोन मी भरला, हे मी तिथेही सांगितलं नाही.

त्यानंतर कुंपणापाशी हाक आली नाही. अण्णा कढीपत्ता बाजारातून आणू लागले. त्यांच्या अंगणातल्या फांदीवर पानं जून होऊन गळत राहिली.

यंदा अण्णा गेले. दहाव्याला जमलेल्यांतही कुणीतरी तो चोरीचा विषय काढलाच, आणि मी वाढपाची यादी बघत बसले. घरी येऊन मात्र वेबसाइटला सगळं लिहिलं: कुणी केलं, कुठला चौकोन, कसं भरलं. सह्यांची फाईल जोडली. दोन ओळींचं सभ्य उत्तर आलं. बंदी उठवायची विनंती, ज्यांच्या नावावर ती आहे, त्यांनीच करायला हवी.

फाईल टेबलावर आहे. यादीतल्या सगळ्या ओळींपुढे खुणा झाल्या आहेत. शेवटी एक ओळ मी नव्याने लिहिली: अण्णांना विचारणे.